रेंज कुणाची येते?

गेल्या मे महिन्यात आईचा फोन बंद पडला. बटणांचा, टॉर्चवाला जुना फोन. चार्जिंगची पिन हलवून हलवून ढिली झाली होती, आणि एक दिवस तो चार्ज व्हायचाच थांबला. मी डोंबिवलीत, आई संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, एकटी. शेजारच्या वहिनींच्या फोनवरून तिनं मला कळवलं. मी म्हटलं, "आई, आता चांगला स्मार्टफोन आणते तुला. रोज एकमेकींना बघता येईल."

ती म्हणाली, "फोन कुठला आणायचा तो आण. पण आधी रेंज कुणाची येते ते बघ."

हे वाक्य खरं तर बाबांचं. तुमच्यापैकी बरेच जण फोन निवडताना कॅमेरा बघतात, रॅम बघतात, आणि सिम जे घरात आहे तेच चालू ठेवतात. आमच्याकडे क्रम उलटा होता. आधी रेंज, मग कंपनी, सगळ्यात शेवटी फोन. हा उलटा क्रम कुठून आला हे शोधायला लागले, तर आईच्या एका वाक्यात तीस वर्षांचा इतिहास निघाला.

निवडायला काहीच नव्हतं तेव्हा

फोन निवडायचा असतो, ही कल्पनाच आमच्या आधीच्या पिढीला नवी होती. फोन मिळायचा. तोही नंबर लागला तर. फोन म्हणजे सरकारचं दूरसंचार खातं, आणि अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. जास्तीचे पैसे आगाऊ भरणाऱ्यांसाठी वेगळी रांग होती, पण तीही रांगच. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच नोंद आहे की देशात दर शंभर माणसांमागे ०.८ फोन होते. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही.

आमच्या वाडीला फोन म्हणजे देवरुखचा एसटीडी बूथ. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुंबईच्या काकांना काही कळवायचं असेल तर शाळा सुटल्यावर एसटीनं देवरुखला जायचे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून कधी कधी ओळखीच्यांकडे मुक्काम करून रात्री फोन लावायचे. लाल आकड्यांच्या मीटरकडे बघत बोलायचं. त्यामुळे बाबांना फोनवर गप्पा मारता येतच नसत. ते शेवटपर्यंत तार लिहिल्यासारखे बोलत.

सोळा रुपयांचं मिनिट

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल मानला जातो. नेटवर्क मोदी टेल्स्ट्रा कंपनीचं, हँडसेट नोकियाचा. त्याच वर्षी मुंबईतही मोबाइल सुरू झाला. सरकारनं चार महानगरांत प्रत्येकी दोन कंपन्यांना परवाने दिले होते. मुंबईत त्या होत्या बीपीएल आणि मॅक्स टच. म्हणजे निवड सुरू झाली, पण दोघांतली.

आणि ती निवड कुणाची होती? बोलायचे पैसे मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास. येणाऱ्या कॉललाही पैसे. फोन वाजला की लोक आधी नंबर बघायचे आणि शेजारच्या साध्या फोनवरून उलटा फोन करायचे. अशा वेळी 'भरवशाची कंपनी कोणती' हा प्रश्न बिल्डरांना आणि शेअर दलालांना पडत असेल. मास्तरांना पडत नव्हता.

पण त्या काळातल्या दोन गोष्टींनी पुढची वीस वर्षं आमची निवड ठरवली. पहिली गोष्ट, सर्कल. देशाचे तुकडे पाडून परवाने दिले गेले. त्यात मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याणचा पट्टा हे एक सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे दुसरं. नकाशावर हे ठीक दिसतं. पण कोकणातल्या प्रत्येक घराचा एक पाय मुंबईत असतो. चाकरमानी गणपतीला निघाला की पनवेल मागे पडल्यावर कुठेतरी त्याचं सर्कल संपायचं आणि रोमिंग लागायचं. स्वतःच्या घरी आलेल्या माणसाला फोनच्या हिशेबात पाहुणा धरलं जायचं. रोमिंगवर येणाऱ्या कॉलचेही पैसे कापले जायचे, आणि हे येणाऱ्या कॉलला साधारणपणे पैसे लागेनासे झाल्यावरही बरीच वर्षं चालू राहिलं.

दुसरी गोष्ट, लहरी. सुरुवातीच्या कंपन्यांना ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी १८०० चा. हे आकडे तेव्हा आम्हाला कुणी सांगितले नव्हते, पण परिणाम दिसायचा. कमी मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून जास्त आत शिरते. १८०० वाल्या कंपनीला तेवढाच भाग झाकायला जास्त टॉवर लागतात. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे फरक कळत नाही. डोंगर, जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर कौलं असली की लगेच कळतो. 'अमक्याची रेंज घरात येते, तमक्याची अंगणात' असं लोक म्हणायचे. ती अंधश्रद्धा नव्हती. परवाने कुठल्या वर्षी दिले गेले, त्याचा तो हिशेब होता.

मिस्ड कॉलचा देश

१९९९ च्या नव्या धोरणानं कंपन्यांकडून ठरावीक अवाढव्य परवाना शुल्क घेण्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. त्याआधी कंपन्या लिलावात लावलेल्या बोलीखालीच दबल्या होत्या. आता जितके ग्राहक तितका धंदा, असं गणित झालं आणि दर उतरायला लागले. २००० मध्ये दूरसंचार खात्याच्या सेवेची बीएसएनएल झाली, आणि २००२ मध्ये तिनं मोबाइल सेवा आणली. त्याच वर्षी डिसेंबरात रिलायन्स सीडीएमए तंत्र घेऊन उतरली, आणि २००३ च्या पावसाळ्यात सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून फोन हातात, अशी तिची योजना आली. सीडीएमएच्या त्या फोनांत सिमकार्ड नसायचं. नंबर हँडसेटमध्येच बसवलेला असायचा. म्हणजे फोन निवडला की कंपनी निवडली. कंपनी बदलायची तर फोन टाकून द्यायचा.

१ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. माझ्या मते मोबाइल खऱ्या अर्थानं सामान्य माणसाचा झाला तो या दिवशी. रिक्षावाला, गवंडी, दूधवाला यांना फोन बोलण्यासाठी नको होता, आपल्याला कुणी बोलवावं म्हणून हवा होता. आणि 'मिस्ड कॉल दे' ही नवी भाषा जन्माला आली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे तू फोन कर. कंपनीला एक पैसा न देता आख्खा निरोप! २००४ संपता संपता देशातल्या मोबाइलची संख्या तारेच्या फोनांपेक्षा जास्त झाली.

त्याच २००३ साली नोकियाचा ११०० आला. त्यात कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड, आणि डोक्यावर टॉर्च. जगभरात त्याचे २५ कोटींहून जास्त नग विकले गेले. भारनियमनाच्या काळात ज्या घरात रोज आठ-आठ तास अंधार असायचा, तिथं ती टॉर्च हौस म्हणून वापरली जात नव्हती.

बाबांची वही

बाबांनी मोबाइल घ्यायचं ठरवलं ते २६ जुलै २००५ मुळे. मी तेव्हा वीस वर्षांची, काकांकडे राहून कॉलेज करत होते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, फोन बंद. मी रात्रभर दादरला एका शाळेच्या जिन्यात बसून होते. बाबा दोन दिवस देवरुखच्या बूथवर उभे राहून काकांचा नंबर फिरवत होते. तिसऱ्या दिवशी लागला. मी "बाबा" म्हटलं आणि पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मीटर पळत होतं आणि ते गप्प होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फोनचे पैसे असे वाया घालवले.

सप्टेंबरात गणपती आले. मुंबईहून चाकरमानी आले आणि त्यांच्या खिशात सगळ्या कंपन्यांचे फोन आले. बाबांनी शाळेची एक चौकटीची वही घेतली आणि रकाने आखले. कंपनी. पडवी. माजघर. विहीर. शाळा. सड्यावरचा धोंडा. शेवटचा रकाना: 'लाईट गेल्यावर'. मग एकेका पुतण्याला, भाच्याला बोलावून, "जरा तुझा फोन घेऊन इकडे ये रे," म्हणत त्यांनी वाडीभर फिरवलं. कांड्या मोजल्या. नुसत्या कांड्यांवर विश्वास नाही म्हणून प्रत्येक ठिकाणाहून एक मिस्ड कॉलही द्यायला लावला. पोरं हसत होती. आरतीला उशीर झाला म्हणून आजी चिडली होती.

सड्यावर सगळ्यांचीच रेंज यायची. तिथल्या मोठ्या दगडाला लोक 'रेंजचा धोंडा' म्हणायला लागले होते. पण बाबांचं म्हणणं, "रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर सड्यावर कोण जाणार?" म्हणून त्यांच्या लेखी पडवीला सगळ्यात जास्त गुण. पेपरात सगळ्यात मोठी जाहिरात देणाऱ्या कंपनीची पडवीत एकही कांडी नव्हती.

आणि शेवटचा रकाना. लाईट गेल्यावर काही कंपन्यांच्या कांड्या तशाच राहायच्या, काहींच्या तास-दोन तासांनी एकदम नाहीशा व्हायच्या. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की डिझेलचा जनरेटर. जनरेटरमध्ये कुणी डिझेल भरलं नसेल तर टॉवर म्हणजे लोखंडाचा सांगाडा. कोणत्या कंपनीचं डिझेल वेळेवर येतं हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. बाबांनी ते घड्याळ लावून शोधलं.

फोनची चौकशी त्यांनी वही पूर्ण झाल्यावरच केली. टॉर्चवालाच घेतला.

लाइफटाइम

बाबांनी कार्ड घेतलं २००६ च्या सुरुवातीला. त्याच्या जरा आधी, २००५ च्या अखेरीस, कंपन्यांनी नवी गोष्ट काढली होती: लाइफटाइम. साधारण हजार रुपये एकदाच भरा, येणारे कॉल आयुष्यभर चालू. आयुष्य कुणाचं, हा प्रश्न बाबांनी दुकानदाराला विचारला होता. तो हसला. खरं उत्तर पुढे नियामक संस्थेच्या, म्हणजे ट्रायच्या खुलाशातून कळलं. ते आयुष्य ग्राहकाचं नव्हतं, कंपनीच्या परवान्याचं होतं.

मग धुमाळीची वर्षं आली. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि बाकीच्यांनाही तो आणावा लागला. काही सर्कलमध्ये दहाच्या वर कंपन्या झाल्या. टपरीवर फुकट सिम वाटली जात. इतक्या कंपन्यांतून एक निवडायची कशी? भारतीय माणसानं याचं जे उत्तर काढलं ते मला फार आवडतं. त्यानं एक निवडलीच नाही. त्यानं दोन सिमचा फोन घेतला. एक रेंजसाठी, एक स्वस्त दरासाठी. एक गावची, एक मुंबईची. चिनी फोन आणि मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांनी हे ओळखलं. मोठ्या नोकियाला ओळखायला २०१०–११ उजाडलं, आणि तोवर उशीर झाला होता.

२० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज पाठवायचा, कोड यायचा, तो नव्या कंपनीला द्यायचा. आज हे किरकोळ वाटतं. पण त्याआधी कंपनी सोडणं म्हणजे नंबर सोडणं होतं, आणि लग्नपत्रिकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे नंबर लिहिलेला असायचा. रेंज नसली तरी माणसं नंबरापायी अडकून पडायची.

पोर्टची ती सोय किती मोलाची होती हे पुढे कळलं. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं २जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले. २०१४ मध्ये मुंबईची लूप, म्हणजे पूर्वीची बीपीएल, परवाना संपून बंद झाली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली. कॉल फुकट, सुरुवातीचे महिने डेटाही फुकट. त्या दरात टिकणं बाकीच्यांना जमेना. २०१७ च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सचे कॉल बंद झाले, २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, टाटांचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले. दहाच्या वर होत्या, त्या तीन खासगी आणि एक सरकारी अशा उरल्या. स्वस्त इंटरनेट आपल्याला मिळालं, त्यावर तुम्ही हा लेख वाचताय. आणि त्याच काळात निवडीची यादी लहान होत गेली.

बाबा २०१४ मध्ये गेले. नंबर आईनं चालू ठेवला. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी येणारे कॉल चालू ठेवायलाही दर महिन्याला किमान रिचार्जची अट घातली. डिसेंबरात एका संध्याकाळी मी आईला फोन लावला, तर या क्रमांकावर इनकमिंग बंद आहे, असं रेकॉर्ड केलेला आवाज सांगायला लागला. रात्रभर तेच. सकाळी शेजारच्या वहिनींना फोन केला. आई ठणठणीत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. "चार कांड्या आहेत की गो!" ती म्हणाली. इंग्रजीतले अकरा मेसेज आलेले होते. तिला ते वाचता येत नव्हते. बाबांचं लाइफटाइम असं संपलं. मी रिचार्ज केलं, आणि पुढच्या आठवड्यात नंबर पोर्ट केला.

दोन सिम, दोन टॉवर

मग जुलै २०२१. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, आमच्याकडे वीज गेली. २६ जुलैला बाबा बूथवर उभे होते. आता मी डोंबिवलीत स्वयंपाकघरात उभी राहून आईचा नंबर लावत होते. तिचा लागेना. वहिनींचा लागेना, त्यांची कंपनी वेगळी असूनही. दोन दिवसांनी कुणीतरी देवरुखकडे वर चढून फोन केला तेव्हा कळलं, सगळी बरी आहेत.

दोन वेगळ्या कंपन्या एकाच वेळी कशा गेल्या, याचा शोध मी नंतर घेतला. उत्तर सोपं होतं. टॉवर आता बहुधा कंपनीचा नसतो. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स उभी केली, तेव्हापासून एका सांगाड्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवणं ही रीत झाली. खर्च वाचतो, ते योग्यच आहे. पण तो एक टॉवर झोपला की त्यावरच्या सगळ्या कंपन्या झोपतात. दोन सिम घेऊन आपण दोन भरवसे घेतले असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच बॅटरीवर असू शकतात.

म्हणून गेल्या मे महिन्यात आईसाठी फोन घ्यायचा तेव्हा मी बाबांची वही काढली. मधल्या काळात एक सोय झाली आहे. कंपन्यांना आता रेंजचे नकाशे आपापल्या साइटवर द्यावे लागतात. मी पाहिले. आमची वाडी बहुतेकांच्या नकाशात रंगवलेली होती. पण नकाशाला पडवी माहीत नसते. सुट्टीला आलेल्या भाच्यांना हाताशी धरलं. तेच रकाने आखले, एक नवा वाढवला: 'टॉवर कुठला'. एका भाच्यानं स्पीड टेस्ट लावली. मी म्हटलं, "ते राहू दे, पडवीतून मिस्ड कॉल दे."

फोनच्या बाबतीत आईनंच मला अडवलं. स्मार्टफोन तिला नको होता. बोट लावलं की भलतंच उघडतं, आणि रोज चार्ज कोण करणार? बटणांचाच घ्यायचा, तर तिथेही रेंज आड आली. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीचा टूजी फोन तिथे चालत नाही. म्हणून फोरजी चालणारा, बटणांचा, दोन सिमचा, टॉर्च असलेला फोन शोधला. रिचार्ज फक्त बोलण्याचा. डेटा न वापरणाऱ्यांसाठी असे वेगळे प्लॅन ठेवायला ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, म्हणून तो मिळाला.

कुठल्या कंपन्या घेतल्या ते मुद्दाम सांगत नाही. आमच्या पडवीचं उत्तर तुमच्या पडवीला लागू नाही. एक सिम सड्यापलीकडच्या टॉवरवर चालतं, दुसरं रस्त्याच्या बाजूच्या. पहिल्या खाचेत बाबांचा नंबर.

निघायच्या दिवशी सकाळी मी एसटीत बसले आणि फोन वाजला. एक रिंग, बंद. दोन मिनिटांनी दुसऱ्या नंबरवरून एक रिंग, बंद. आता आईचे कॉल फुकट आहेत, कितीही वेळ बोलता येतं. तरी तिनं दोन्ही सिम तपासून घेतली होती, पडवीत बसून.